रॉबर्ट ब्रूस फूट आणि सोन्याच्या शिरा

चेन्नईतील एग्मोर हा भाग तेथील रेल्वेस्थानकामुळे सर्वदूर परिचित आहे. या भागातील पँथिऑन रस्त्यावर लाल रंगाच्या जुन्या इमारतींचा एक समूह उभा आहे. हे तेथील शासकीय संग्रहालय होय. नटराजाच्या कांस्यमूर्ती आणि अमरावतीच्या स्तूपावरील शिल्पे पाहण्यासाठी येथे देशोदेशींचे लोक येतात. परंतु या संग्रहालयाचा आरंभ मूर्तींनी झालेला नाही, तो दगडांनी झाला. मद्रास लिटररी सोसायटीने दिलेले सुमारे ११०० भूवैज्ञानिक नमुने एका महाविद्यालयाच्या वरच्या मजल्यावर मांडून १८५१ साली ते सुरू झाले. एडवर्ड बाल्फोर नावाचे एक शल्यचिकित्सक त्याचे पहिले प्रमुख होते. १८५४ मध्ये हे संग्रहालय एग्मोरच्या पँथिऑन या वास्तूत आले. त्यानंतर अर्धशतकाने, १९०४ साली, दगडांचा आणखी एक मोठा साठा तेथे दाखल झाला. तो एका माणसाने चाळीस वर्षे दक्षिण भारत पायांखाली घालून जमवला होता. त्या माणसाचे नाव रॉबर्ट ब्रूस फूट.

भारतातील पुराणाश्मयुगाचा पहिला पुरावा शोधणारे संशोधक म्हणून ब्रूस फूट यांचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते. त्यांच्या कार्याची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. दक्षिण भारतातील सोने कोणत्या खडकांत सापडते आणि कोणत्या खडकांत शोधणे व्यर्थ आहे, हे प्रथम व्यवस्थितपणे सांगितले तेही त्यांनीच. या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच सवयीमुळे साधल्या.

ब्रूस फूट यांचा जन्म २२ सप्टेंबर १८३४ रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे झाला. वयाच्या चोविसाव्या वर्षी, १८५८ च्या अखेरीस, ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेत रुजू झाले. ही संस्था तेव्हा नवी होती. टॉमस ओल्डहॅम हे तिचे प्रमुख होते. रेल्वेला कोळसा हवा होता आणि कारखान्यांना लोखंड. देशाच्या पोटात काय दडले आहे हे सरकारला ठाऊक करून घ्यायचे होते. फूट यांची नेमणूक मद्रास इलाख्यातील तुकडीत झाली. पावसाळा संपला की तंबू, बैलगाड्या आणि नोकरचाकर घेऊन मुलुखात निघायचे, उन्हाळा कडक होईपर्यंत खडक तपासत फिरायचे आणि मग मुक्कामी परतून नकाशे रंगवायचे, असा या नोकरीचा वार्षिक क्रम असे. हातोडी, होकायंत्र आणि टिपणवही हीच हत्यारे. तापाने आणि उन्हाने अनेक अधिकारी खचले. फूट मात्र टिकले. पीटर पर्सिव्हल या तमिळ भाषेच्या अभ्यासकाच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला आणि दक्षिण भारत हेच पुढे त्यांचे घर झाले.

३० मे १८६३ रोजी मद्रासजवळच्या पल्लावरम येथे जांभ्या खडीच्या एका खाणीत त्यांना एक दगड दिसला. तो क्वार्टझाइट या कठीण खडकाचा होता आणि त्याच्या कडा एका विशिष्ट रीतीने छिललेल्या होत्या. पाण्याच्या वाहण्याने किंवा दगडावर दगड आपटल्याने अशी कड येत नाही. फ्रान्समध्ये पुरातन मानवाची दगडी हत्यारे सापडल्याची आणि ती खरी असल्याचे इंग्रज तज्ज्ञांनी १८५९ मध्ये मान्य केल्याची वार्ता फूट यांना माहीत होती. हातातील दगड हे तसेच हत्यार, एक हातकुऱ्हाड आहे, हे त्यांनी ओळखले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्यांना व त्यांचे सहकारी विल्यम किंग यांना मद्रासच्या वायव्येस अत्तिरमपाक्कम येथे अशी अनेक हत्यारे सापडली. अत्तिरमपाक्कमच्या हत्यारांचे वय सुमारे १५ लाख वर्षे असल्याचे भारतीय आणि फ्रेंच संशोधकांच्या एका गटाने २०११ साली दाखवून दिले. फूट यांच्या काळी एवढ्या दीर्घ कालावधीची कल्पना करणेही कठीण होते.

येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. हत्यार हातात आल्यावर फूट त्याच्या आकारावर भाळले नाहीत. ते कोणत्या थरात होते, त्याच्या वर काय होते, खाली काय होते आणि आजूबाजूला कोणता खडक होता, हे त्यांनी आधी लिहून घेतले. जागेची नोंद नसेल तर दगड मुका होतो, हे ते जाणून होते. हीच सवय त्यांना पुढे सोन्याच्या शोधात उपयोगी पडली.

मद्रासच्या परिसराचे काम झाल्यावर ते दक्षिण महाराष्ट्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात आले. इंग्रजी कागदपत्रांत यालाच दक्षिण मराठा मुलूख म्हटले जाई. बेळगाव, कलादगी व धारवाड हे जिल्हे, कोल्हापूर, सांगली, जमखंडी, मुधोळ ही संस्थाने आणि सह्याद्रीपलीकडची कोकणपट्टी असा तो विस्तीर्ण टापू होता. भूवैज्ञानिकाच्या दृष्टीने हा टापू म्हणजे दोन जगांची सीमा आहे. उत्तरेकडून ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण येथवर येऊन संपतो आणि त्याच्या खालून कितीतरी अधिक जुने खडक डोके वर काढतात. घटप्रभेच्या खोऱ्यात, गोकाकजवळच्या नदीच्या गाळात, त्यांना नामशेष झालेल्या एका गेंड्याची हाडे मिळाली. आज ऊस आणि कापूस पिकणाऱ्या या मुलुखात एके काळी गेंडे चरत होते, हे त्यामुळे कळले. या सर्व प्रदेशाचे त्यांनी लिहिलेले सविस्तर वर्णन १८७६ साली प्रसिद्ध झाले. मराठी मुलुखाच्या दक्षिण भागाची भूमी समजून घ्यायची तर आजही तेथूनच आरंभ करावा लागतो.

याच भटकंतीत ते गदगच्या दक्षिणेस असलेल्या डंबळच्या डोंगरांत पोहोचले. कप्पतगुड्ड या नावाने हे डोंगर ओळखले जातात. त्यांतून निघणाऱ्या ओढ्यांच्या वाळूत सोन्याचे कण मिळतात, हे स्थानिक लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. कॅप्टन न्यूबोल्ड यांनी फूट यांच्या आधी तीसेक वर्षे त्याविषयी लिहिलेही होते. वाळू धुऊन सोने काढणाऱ्या लोकांना तेथे जालगार म्हणत. आपल्याकडे सोनाराच्या दुकानासमोरील धूळ धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी असतात, तशाच जातीचे हे काम. पावसाने ओढ्याला पूर येऊन गेला की जालगार लाकडी काथवट घेऊन पात्रात उतरत. वाळू पाण्यासह गोल फिरवली की हलके कण वाहून जातात आणि जड कण तळाशी राहतात. शेवटी उरलेल्या काळ्या रेतीत एखाददुसरा पिवळा ठिपका चमके. दिवसभर राबून पोटापुरते मिळाले तरी पुष्कळ.

फूट यांनी या लोकांची माहिती तुच्छ मानली नाही. त्यांनी ओढ्यांची वाळू धुववून पाहिली आणि प्रत्येक ओढा कोणत्या खडकांतून येतो ते तपासले. त्यातून एक गोष्ट पुढे आली. सोरटूर गावाच्या बाजूचे ओढे सोने देण्यात सर्वांत चांगले होते आणि ते हिरवट, लोहयुक्त सुभाजांच्या एका पट्ट्यातून येत होते. सुभाजा म्हणजे पानापानांनी सुटणारा, दाबाने व उष्णतेने रूपांतरित झालेला खडक. डोंगरात पांढऱ्या गारेच्या शिरा पुष्कळ होत्या. तथापि सोने त्यांतील फार थोड्या शिरांत होते. १८७४ मध्ये त्यांनी आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यात आशेला जागा होती, पण कोणाही भांडवलदाराने धावत सुटावे असे आमिष नव्हते.

गारेच्या शिरेत सोने येते कोठून, आणि एका शिरेत असते ते शेजारच्या शिरेत का नसते? जालगारांना हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. पैसे घालणाऱ्याला मात्र तो पडायलाच हवा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात या विषयावर मोठा वाद झाला होता. प्राचीन समुद्राचे पाणी भेगांत शिरून त्यातील खनिजे तेथे साचली, असे एका पक्षाचे म्हणणे होते. दुसऱ्या पक्षाच्या मते वितळलेला रस खालून वर घुसून भेगांत गोठला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच भूवैज्ञानिक एली द बोमाँ यांनी खनिजशिरा आणि गरम पाण्याचे झरे यांचा संबंध जोडला. आज जे ज्ञान उपलब्ध आहे ते त्याच दिशेने पुढे गेलेले आहे.

सामान्य खडकात सोने असतेच, पण एक टन खडकात काही मिलिग्रॅम इतकेच. एवढ्या सोन्याला कोणी हात लावणार नाही. खाण चालण्यासाठी ते हजारपटीने एकत्र यावे लागते. हे एकत्र आणण्याचे काम पाणी करते. जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल, खडक दाबाखाली तापत असताना, त्यांच्या खनिजांत बांधलेले पाणी मोकळे होते. तेथील तापमान २५० ते ४०० अंश सेल्सिअस इतके असते. उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांना उकळून वाफ होते. वरच्या खडकांच्या प्रचंड दाबामुळे हे खोलवरचे पाणी मात्र तसे उकळत नाही. ते आजूबाजूच्या खडकांतून सिलिका म्हणजे गारेचे द्रव्य विरघळवून घेते. त्यात गंधकाचा अंश असला तर सोनेही त्याच्याशी संयोग पावून विरघळते. वज्रेश्वरीच्या किंवा कोकणातील इतर उन्हाळ्यांच्या कुंडांपाशी येणारा गंधकाचा उग्र वास अनेकांनी अनुभवला असेल. जमिनीखालचे गरम पाणी रिकाम्या हाताने वर येत नाही, हे त्यावरून कळते.

हे भारलेले पाणी वाट मिळेल तिकडे वर सरकते आणि वाट मिळते ती भूकंपाने पडलेल्या भेगांतून. भेग उघडली की पाण्यावरचा दाब एकाएकी कमी होतो. साखरेचा गरम पाक थंड होताना दोऱ्याभोवती खडीसाखरेचे खडे धरतात, हे सर्वांनी पाहिलेले असते. खडीसाखरेत काम केवळ थंड होण्याचे असते. येथे दाबाचे उतरणेही तितकेच महत्त्वाचे असते. पाण्याची धारणशक्ती घटली की सिलिका भेगेच्या भिंतींवर गारेच्या रूपाने बसू लागते. बसता बसता भेग बुजते. खालचा दाब पुन्हा वाढतो, पुन्हा धक्का बसतो, भेग पुन्हा फुटते आणि गारेचा नवा थर बसतो. असे शेकडो वेळा घडते. म्हणूनच चांगल्या शिरेच्या छेदात एकाला एक लागून पट्टे दिसतात.

सोने खाली बसण्याचे कारण आणखी निराळे आहे. ते गंधकाच्या आधाराने पाण्यात राहिलेले असते. भेगेच्या दोन्ही बाजूंचा खडक लोहयुक्त असेल, तर पाण्यातील गंधक त्या लोहाकडे ओढला जातो आणि लोहमाक्षिक हे पितळी रंगाचे खनिज तयार होते. आधार निसटल्यावर सोने पाण्यात राहू शकत नाही. ते गारेत आणि माक्षिकाच्या कणांत अडकून बसते. म्हणजे शिरेतील गार सर्वत्र सारखीच दिसत असली, तरी तिच्यात सोने उतरेल की नाही हे पुष्कळदा शेजारचा खडक ठरवतो. फूट यांनी हिरवट लोहयुक्त पट्ट्यावर बोट ठेवले तेव्हा हे रसायन कोणालाच अवगत नव्हते. त्यांनी फक्त शिरेची सोबत पाहिली होती.

महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणातही गरम पाण्याने अशीच, पण अधिक सौम्य कामगिरी केली आहे. लाव्ह्यातील वायूच्या बुडबुड्यांनी पडलेल्या पोकळ्यांत पाणी झिरपून पांढऱ्या गारगोट्या आणि झिओलाइट वर्गाचे सुंदर स्फटिक तयार झाले. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील विहिरी आणि दगडखाणी खोदताना ते निघतात. ते शोभेचे आहेत. सोन्याच्या शिरांची अपेक्षा तेथे करू नये.

डंबळचा अहवाल प्रसिद्ध झाल्यानंतर काही वर्षांतच दक्षिणेत सोन्याचे वेड पसरले. नीलगिरीच्या पायथ्याशी असलेल्या वायनाड भागात गारेच्या शिरा विपुल आहेत आणि तेथेही स्थानिक लोक पूर्वापार सोने धूत असत. १८७९ पासून लंडनमध्ये वायनाडच्या सोन्यासाठी कंपन्यांमागून कंपन्या निघाल्या. कॉफीच्या मळ्यांच्या जमिनी अवाच्या सवा किमतीला विकल्या गेल्या. महागडी यंत्रे समुद्रापार मागवून घाटांतून वर चढवण्यात आली, तीही शिरेत किती सोने आहे याची नीट परीक्षा होण्याआधी. दोनतीन वर्षांतच फुगा फुटला. जमीन विकणारे आणि कंपन्या काढणारे श्रीमंत झाले, भाग घेणारे सामान्य गुंतवणूकदार बुडाले. रानात गंजत पडलेली यंत्रे पुढे कितीतरी वर्षे तेथे दिसत. हा अनुभव एकट्या वायनाडचा नाही. खनिजांच्या इतिहासात जेथे जेथे नकाशाआधी भाग विकले गेले, तेथे तेथे हेच घडले आहे.

म्हैसूर संस्थानातील कोलार येथेही आरंभी अपयशच पदरी पडत होते. जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने १८८० मध्ये तेथील काम हाती घेतले आणि भांडवल संपत आले तेव्हा भागधारक काम बंद करण्याच्या विचारात होते. पूर्वीच्या अज्ञात खाणकऱ्यांनी खोदून सोडलेले खोल खड्डे त्या माळावर होते. शेवटच्या प्रयत्नात त्या जुन्या कामांच्या खाली खोदकाम नेण्यात आले आणि चॅम्पियन या नावाने पुढे जगप्रसिद्ध झालेली शीर हाती लागली. त्या अनामिक माणसांनी आगीने खडक तापवून आणि छिन्नीने फोडून शीर कोठे समृद्ध आहे ते आधीच दाखवून ठेवले होते.

कोलारला यश आले, वायनाडला आले नाही. मग म्हैसूर संस्थानात आणखी कोठे सोने मिळेल? हे पाहण्यासाठी १८८७ च्या आरंभी फूट यांनी संस्थानाचा दौरा केला. डंबळ, बळ्ळारी, रायचूर दुआब या भागांतील खडक त्यांच्या पायांखालून गेलेले होते. आता म्हैसूरचे जुने खाणपट्टे पाहताना सर्व दुवे जुळले. या सगळ्या ठिकाणी सोने एकाच प्रकारच्या खडकांच्या सोबतीने होते. दक्षिण भारताचा मोठा भाग पट्टिताश्म या जुन्या, राखी-पांढऱ्या पट्ट्यांच्या खडकाने व्यापलेला आहे. त्यात मधूनमधून उत्तर-दक्षिण धावणाऱ्या अरुंद पट्ट्यांच्या रूपाने सुभाजा, लोहयुक्त पट्टेदार खडक आणि प्राचीन लाव्ह्याचे रूपांतरित थर घडी घालून दाबले गेले आहेत. तोपर्यंत हे सर्व खडक पट्टिताश्मांतच जमा धरले जात. फूट यांनी ते वेगळे काढले, नकाशावर त्यांची सीमा आखली आणि धारवाडच्या परिसरात ते चांगले दिसतात म्हणून त्यांना धारवाड हे नाव दिले. धारवाड संघ हा दक्षिण भारतातील मुख्य सुवर्णधारी खडकसमूह आहे, हे प्रतिपादन त्यांनी १८८८ साली केले.

वरवर पाहता हे केवळ नामकरण वाटेल. प्रत्यक्षात सोने शोधणाऱ्याचे क्षेत्र त्यामुळे हजारो चौरस किलोमीटरवरून काही अरुंद पट्ट्यांपुरते उरले. आंधळेपणाने खड्डे खोदण्याऐवजी पट्टा धरून चालता येऊ लागले. रायचूर जिल्ह्यातील हट्टीची खाण अशाच पट्ट्यात आहे आणि ती आजही सोने देते. पट्ट्यात असणे पुरेसे नसते, हेही गदगला सिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे उघडलेल्या खाणी थोड्याच वर्षांत बंद पडल्या. खडक अनुकूल असला तरी पाण्याला वाट मिळालेली असावी लागते, आणि ती वाट कोठे होती हे नकाशा सांगत नाही.

फूट यांचे सर्वच निष्कर्ष टिकले असे नाही. धारवाड खडक पट्टिताश्मांच्या पायावर रचले गेले असे त्यांचे मत होते. त्यांच्यानंतर म्हैसूरच्या भूवैज्ञानिक खात्याचे प्रमुख झालेले डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी ते उलटे केले. धारवाड खडकच सर्वांत जुने असून पट्टिताश्म त्यांत नंतर घुसले, असे त्यांनी मांडले. हा वाद कित्येक दशके चालला. किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या आधारे खडकांचे वय मोजता येऊ लागल्यावर दोन्ही पक्षांना थोडे थोडे सोडावे लागले. काही पट्टिताश्म धारवाड खडकांहून जुने आहेत, काही नवे. सोन्याच्या शिरा सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. धारवाड हे नाव मात्र कायम राहिले आणि दक्षिण भारताच्या या प्राचीन भूखंडाला आज जगभर त्याच नावाने ओळखतात.

कोलारच्या शिरा तीन किलोमीटरहून अधिक खोलीपर्यंत खणल्या गेल्या. १९०२ मध्ये शिवसमुद्रम्‌च्या धबधब्यावर निर्माण केलेली वीज प्रथम या खाणींना मिळाली. तमिळ आणि तेलुगू प्रदेशांतून आलेल्या हजारो मजुरांनी असह्य उष्णतेत तेथे काम केले. गारेच्या धुळीने अनेकांची फुप्फुसे निकामी झाली आणि दाबाखालचा खडक अचानक फुटून कित्येकांचे प्राण गेले. एका शतकाहून अधिक काळात सुमारे ८०० टन सोने तेथून निघाले. पुढे खोली वाढली, खर्च वाढला आणि एक टन धातुकामागे मिळणारे सोने तीनचार ग्रॅमपर्यंत उतरले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी कोलारच्या खाणी बंद झाल्या.

सोन्याच्या कामात गुंतले असतानाही फूट यांचे अश्मयुगावरील लक्ष ढळले नव्हते. १८८० च्या दशकात त्यांनी कर्नूल जिल्ह्यातील बिल्ल सुरगम या गुहांत उत्खनन केले. त्यात त्यांचे सैन्याधिकारी पुत्र हेन्री यांनी साहाय्य केले. बळ्ळारीच्या परिसरातील राखेच्या ढिगाऱ्यांचे आणि नवाश्मयुगीन वस्त्यांचे त्यांनी केलेले वर्णन आजही अभ्यासले जाते. १८९१ मध्ये ते सरकारी सेवेतून निवृत्त झाले, पण विश्रांती घेतली नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना आपल्या संस्थानात काय पिकते याबरोबरच जमिनीखाली काय आहे हेही जाणून घ्यायचे होते. त्यांच्या संस्थानाचे भूवैज्ञानिक म्हणून फूट यांनी गुजरात पाहिला. साबरमतीच्या खोऱ्यात त्यांना पुराणाश्मयुगीन हत्यारे मिळाली. बडोदे संस्थानाच्या भूमीवरील त्यांचा ग्रंथ १८९८ साली निघाला. १८९४ मध्ये म्हैसूर संस्थानाने स्वतंत्र भूवैज्ञानिक खाते स्थापन केले, तेव्हा त्याचे पहिले प्रमुखपदही साठीतल्या या गृहस्थांकडेच आले.

अखेरची वर्षे त्यांनी सेलमजवळच्या येरकाड या डोंगरी गावात काढली. चारशेहून अधिक ठिकाणांहून जमवलेली हत्यारे, खापरे आणि मणी त्यांच्या घरात होते. एवढा संग्रह इंग्लंडला नेऊन विकणे त्यांना अशक्य नव्हते. तथापि १९०४ मध्ये मद्रास सरकारने तो विकत घेतला आणि येरकाडच्या घरातील दगड एग्मोरच्या संग्रहालयात पोहोचले. संग्रह देऊन फूट मोकळे झाले नाहीत. प्रत्येक वस्तू कोठे, कोणत्या थरात सापडली याची तपशीलवार सूची करण्याचे काम त्यांनी वयाच्या सत्तरीनंतरही चालू ठेवले.

२९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्ता येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी येरकाडच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये ठेवण्यात आल्या. संग्रहातील वस्तूंचे वय आणि त्या कोठे कोठे आढळतात याविषयीची त्यांची टिपणे एग्मोरच्या संग्रहालयाने १९१६ साली ग्रंथरूपाने प्रकाशित केली. त्या ग्रंथातील गावांची नावे हाताशी धरून आजचे पुरातत्त्वज्ञ तीच शेते, तेच ओढे आणि त्याच टेकड्या पुन्हा शोधून काढतात.